फेस्टिव्हलला फिल्म लागली म्हणजे ऑस्करला गेली का?

एकांकिकांचा हंगाम संपला की ठाण्यातले बरेच ग्रुप शॉर्टफिल्मकडे वळतात. येऊरच्या पायथ्याशी, मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर, पाम बीच रोडच्या कडेला किंवा खारघरच्या एखाद्या रिकाम्या फ्लॅटमध्ये दोन-तीन दिवसांत शूटिंग उरकतं. मग काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर येतं. फिल्मच्या नावाच्या दोन्ही बाजूंना पानांच्या कमानी असतात, ज्यांना फेस्टिव्हलवाले लॉरेल म्हणतात. खाली कुणीतरी लिहितं, ‘आपली फिल्म ऑस्करच्या शर्यतीत!’ सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो आणि दिग्दर्शकाच्या आईला शेजारच्या काकू विचारतात, ‘अमेरिकेला कधी निघतोय?’

बहुतेक वेळा झालेलं असतं एवढंच, की ‘ऑस्कर क्वालिफाइंग’ म्हणवणाऱ्या एका फेस्टिव्हलमध्ये फिल्म दाखवली गेली. ही गोष्ट चांगलीच आहे. पण तिचा ऑस्करच्या पात्रतेशी थेट संबंध नाही. संबंध नेमका कुठे येतो आणि कुठे तुटतो, ते नीट पाहू.

निवड, पारितोषिक, पात्रता, नामांकन

बातम्यांमध्ये या चार गोष्टी एकमेकींत मिसळून जातात. निवड म्हणजे फेस्टिव्हलने तुमची फिल्म दाखवायला घेतली. पारितोषिक म्हणजे तिथल्या ज्यूरीने तिला बक्षीस दिलं. पात्रता म्हणजे ऑस्कर देणारी अकादमी आता तुमचा अर्ज स्वीकारू शकते. त्यानंतर प्रत्येक विभागात १५ फिल्म्सची शॉर्टलिस्ट लागते, त्यातून पाच नामांकनं निघतात आणि शेवटी एक विजेता ठरतो.

एमपीएससी डोळ्यांसमोर आणा. ठरलेल्या फेस्टिव्हलचं ठरलेलं पारितोषिक म्हणजे पूर्वपरीक्षा. ती पास झालात तर मुख्य परीक्षेला बसता येतं, पण पूर्वचे मार्क पुढे धरत नाहीत. फेस्टिव्हलचं बक्षीसही तसंच आहे. ते दार उघडून देतं, आणि आत गेल्यावर अकादमीचे सभासद सगळ्या पात्र फिल्म्स पहिल्यापासून पाहतात.

आत गर्दी किती असते, तेही बघा. मार्च २०२५ मध्ये झालेल्या ९७व्या ऑस्करसाठी लाइव्ह अ‍ॅक्शन, म्हणजे माणसांच्या अभिनयाच्या शॉर्टफिल्म विभागात १८० फिल्म्स पात्र होत्या. अ‍ॅनिमेशनमध्ये ८८ आणि लघु-माहितीपटांत १०४. पात्र होणं ही खरी कमाई आहे, यात शंका नाही. पण ‘पात्र’ या शब्दावर ‘नामांकित’ असं पोस्टर छापू नका. अशी चूक जाणकाराच्या लगेच लक्षात येते आणि पुढच्या वेळी तो तुमचा मेल उघडत नाही.

आत जायचे तीन रस्ते

पहिला रस्ता थिएटरचा. लॉस एंजेलिस काउंटी, न्यूयॉर्क शहर, सॅन फ्रान्सिस्कोचा बे एरिया, शिकागो, डॅलस-फोर्ट वर्थ किंवा अटलांटा यांपैकी एका ठिकाणच्या व्यावसायिक थिएटरमध्ये सलग सात दिवस, तिकीट लावून फिल्म दाखवायची. कायद्याने रस्ता खुला आहे, पण थिएटर भाड्याने घेण्याचा खर्च ठाण्यातल्या बहुतेक फिल्म्सच्या अख्ख्या बजेटपेक्षा जास्त. दुसरा रस्ता विद्यार्थ्यांचा: अकादमीच्याच स्टुडंट अवॉर्ड्समध्ये सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य पदक.

तिसरा रस्ता फेस्टिव्हलचा, आणि आपल्यासाठी खरा रस्ता हाच. अकादमी दरवर्षी फेस्टिव्हल्सची यादी जाहीर करते. कथा आणि अ‍ॅनिमेशनसाठी एक, लघु-माहितीपटांसाठी वेगळी. यादीत फेस्टिव्हलच्या नावापुढे पारितोषिकाचं नाव दिलेलं असतं आणि लोकांची नजर नेमकी इथेच घसरते. फ्रान्सच्या क्लेरमाँ-फेराँमध्ये ग्राँ प्री, कानमध्ये शॉर्टफिल्मचा पाम द’ऑर, बर्लिनमध्ये शॉर्टफिल्मचं गोल्डन बेअर, अ‍ॅनिमेशनसाठी आनेसीमध्ये क्रिस्टल. भारतात बंगळुरूचा इंटरनॅशनल शॉर्ट फिल्म फेस्टिव्हल यादीत आहे. त्याच फेस्टिव्हलमध्ये तुम्हाला प्रेक्षक-पसंती, उत्कृष्ट छायाचित्रण किंवा विशेष उल्लेख मिळाला आणि तो प्रकार यादीत लिहिलेला नसेल, तर टाळ्या मिळाल्या, पात्रता नाही मिळाली.

म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी तपासा. फेस्टिव्हल चालू वर्षाच्या यादीत आहे का? तुमच्या प्रकारच्या यादीत आहे का? आणि तुमची फिल्म ज्या स्पर्धा विभागात जाणार, त्याच विभागाचं बक्षीस यादीत आहे का? तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. स्पर्धेबाहेरच्या ‘पॅनोरमा’ किंवा ‘शोकेस’ विभागात निवड झाली तर ज्यूरी तुमची फिल्म पाहणारच नाही.

तारखांचीही एक अट आहे. पात्रतेचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असं धरतात आणि पारितोषिक फिल्म पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत मिळालेलं असावं लागतं. फिल्म ‘पूर्ण’ झाल्याची तारीख वेगवेगळ्या अर्जांत वेगवेगळी टाकू नका. एडिट लॉक (संकलन पक्कं), साउंड मिक्स आणि कलर (रंगदुरुस्ती) झाल्यावर जी अंतिम प्रत निघते तिची तारीख एकदा ठरवा आणि तीच सगळीकडे वापरा.

मग नुसत्या स्क्रीनिंगचा काहीच उपयोग नाही?

उपयोग आहे, पण तो ऑस्करच्या कागदावर दिसत नाही. मोठ्या फेस्टिव्हलचे निवडकर्ते एकमेकांचे कार्यक्रम बघत असतात. एका चांगल्या ठिकाणी निवड झाली की दुसरीकडून बोलावणं येतं, कधी फी माफ होते, कधी वितरक हात पुढे करतो. बक्षिसापर्यंतचा रस्ता सहसा अशा निवडींतूनच जातो.

गोंधळाचं आणखी एक कारण बाफ्ता. ब्रिटनच्या या पुरस्कारांच्या शॉर्टफिल्म विभागात मान्यताप्राप्त फेस्टिव्हलमधल्या निवडीलाही वजन असतं, पण फिल्म ब्रिटिश असावी लागते. फेस्टिव्हलच्या वेबसाइटवर ‘ऑस्कर क्वालिफाइंग’ आणि ‘बाफ्ता क्वालिफाइंग’ हे शिक्के शेजारी-शेजारी असतात आणि वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात.

‘आधी यूट्यूबवर टाकू, व्ह्यूज येऊ देत’

सगळ्यात जास्त फिल्म्स इथे बाद होतात. पात्र होण्याआधी फिल्म टीव्हीवर, केबलवर, डीव्हीडीवर किंवा इंटरनेटवर जाहीरपणे दाखवली गेली असेल, तर ऑस्करसाठी ती संपली. कुठलीही आवृत्ती चालत नाही, म्हणजे छोटा कट टाकून मोठा पाठवायची युक्तीही नाही. नंतर काढून टाकली तरी उपयोग नाही, कारण दाखवली गेली ही गोष्ट पुसता येत नाही.

सूट आहे ती एकूण लांबीच्या १० टक्क्यांची. २० मिनिटांच्या फिल्ममधून दोन मिनिटं. ही बेरीज सगळ्या तुकड्यांची मिळून आहे, हे विसरू नका. दीड मिनिटाचा ट्रेलर आणि वर फिल्ममधल्याच प्रसंगांची २०-२० सेकंदांची वेगवेगळी तीन रील्स टाकलीत, तर दोन मिनिटं तीस सेकंद झाली. म्हणून ग्रुपमधल्या प्रत्येक नटाला बजावून ठेवा, की स्वतःचा ‘बेस्ट सीन’ इन्स्टाग्रामवर टाकायचा नाही. मेकिंगचे व्हिडिओ, सेटवरचे फोटो, मुलाखती हवे तेवढे टाका, ते फिल्मचे तुकडे नव्हेत. फेस्टिव्हलला पाठवायची पासवर्ड लावलेली लिंकही चालते, कारण ती जाहीर नसते. पण पासवर्डच ग्रुपवर फॉरवर्ड झाला तर तिला खाजगी कसं म्हणणार?

फेस्टिव्हलचा नियम आणि अकादमीचा नियम वेगळे असतात, हे इथे फार महत्त्वाचं. अमेरिकेतला सनडान्स शॉर्टफिल्मसाठी प्रीमियरची, म्हणजे पहिला खेळ आमच्याकडेच हवा, अशी अट घालत नाही, नेटवर असलेली फिल्मही घेतो. सनडान्स फेस्टिव्हल यादीत आहे. तरी यूट्यूबवर आधीच टाकलेली फिल्म तिथे जिंकून आली तर तिला सनडान्सचं बक्षीस मिळेल, ऑस्करची पात्रता मिळणार नाही.

क्रम नीट पाळला की काय होतं, याचं ताजं उदाहरण ‘अनुजा’. दिल्लीच्या कपड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या मुलीची ही शॉर्टफिल्म. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या, यादीत असलेल्या हॉलीशॉर्ट्स फेस्टिव्हलमध्ये तिला लाइव्ह अ‍ॅक्शनचं पारितोषिक मिळालं, डिसेंबरमध्ये ती शॉर्टलिस्टमध्ये आली, जानेवारी २०२५ मध्ये नामांकन झालं आणि नेटफ्लिक्सवर आली ती फेब्रुवारीत. बक्षीस दुसऱ्या फिल्मला गेलं, पण पायऱ्या कशा चढायच्या ते यात स्वच्छ दिसतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये, नाट्यगृहात दाखवली तर?

ऐरोलीच्या सोसायटीत, वाशीच्या भावे नाट्यगृहात किंवा ठाण्यात घाणेकरला खेळ लावला, तर अकादमीच्या बाजूने अडचण नाही. बंदी टीव्ही आणि इंटरनेटसारख्या माध्यमांवर आहे. हॉलमधला कुणी हौशी मित्र मोबाइल उभा करून फेसबुक लाइव्ह करेल, तर मात्र ती इंटरनेटवर गेली.

अडचण येते फेस्टिव्हलच्या बाजूने. काहींना वर्ल्ड प्रीमियर लागतो, म्हणजे जगातला पहिला जाहीर खेळ त्यांच्याकडे. काहींना इंटरनॅशनल प्रीमियर पुरतो, म्हणजे निर्मितीच्या देशाबाहेरचा पहिला खेळ. बर्लिनचा शॉर्ट्स विभाग अशी अट घालतो आणि तिथे लांबी ३० मिनिटांपर्यंत लागते. कानच्या स्पर्धेत १५ मिनिटं, टायटल्ससकट. ठाण्यातल्या खेळाने वर्ल्ड प्रीमियर जातो, इंटरनॅशनल राहतो. कलाकारांना आणि घरच्यांना फिल्म दाखवायची घाई झाली असेल तर तिकीट नको, जाहिरात नको, निमंत्रितांपुरता खेळ करा. आणि प्रीमियर मागणाऱ्या फेस्टिव्हल्सना आधी पाठवा, बाकीच्यांना त्यांचं उत्तर आल्यावर.

४० मिनिटं, २४ फ्रेम आणि ट्यूबलाइट

ऑस्करच्या तिन्ही शॉर्ट विभागांत कमाल लांबी ४० मिनिटं आहे, शेवटच्या श्रेयनामावलीसह. आभाराच्या यादीत सगळ्या मावशा-काकांची नावं घालून साडेचाळीस मिनिटांवर गेलेली फिल्म बाद होते.

त्याहून फसवा सापळा फ्रेम रेटचा आहे. सिनेमागृहात जी प्रत लागते तिला डीसीपी म्हणतात: चित्र, आवाज आणि सबटायटल्स ठरावीक साच्यात बांधलेल्या फायलींचा संच. अकादमीला डीसीपी सेकंदाला २४ किंवा ४८ फ्रेमची लागते. आपल्याकडे बरेच जण २५ वर शूट करतात. २५ ची फिल्म २४ ने चालवली की ती सुमारे चार टक्के लांबते. ३९ मिनिटांची फिल्म ४० मिनिटं ३७ सेकंदांची होते आणि मर्यादेबाहेर जाते. हिशेब करा: २५ फ्रेमवरची फिल्म ३८ मिनिटं २४ सेकंदांपेक्षा मोठी असेल, तर ती २४ वर ४० ओलांडणारच. आवाजही थोडा खाली उतरतो, तो वेगळा सुधारावा लागतो. लांबी तेवढीच ठेवून दर सेकंदाला एक फ्रेम गाळायचा उपाय केला, तर कॅमेरा हळू फिरतो तिथे धक्के दिसतात. मोबाइलवर शूट करणाऱ्यांसाठी तर ३० फ्रेमचा डिफॉल्ट बदलणं हे पहिल्या दिवशीचं पहिलं काम.

लोक २५ का निवडतात, याला कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची. शटर म्हणजे प्रत्येक फ्रेमवर प्रकाश किती वेळ पडतो ते. २४ फ्रेमवर नेहमीचं १८० अंशांचं शटर, म्हणजे १/४८ सेकंद, ठेवलं की ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी चित्रात थरथरतात. उपाय सोपा आहे: फ्रेम रेट २४ ठेवा आणि शटर १/५० सेकंदावर लावा. कॅमेऱ्यात शटर अंशांत असेल तर १७२.८. ठाण्याच्या चाळीतल्या खोलीत, पनवेलच्या हॉटेलमध्ये, लोकलच्या डब्यात हे लावून एक मिनिटाची टेस्ट घ्या आणि मोठ्या स्क्रीनवर बघा.

चित्र किमान २०४८ बाय १०८० च्या चौकटीत बसवलेलं असावं लागतं. आवाजाचं मात्र बहुतेकांना माहीत नसतं. नुसता डावा-उजवा स्टीरिओ थिएटरच्या डीसीपीत चालत नाही. किमान डावा, मधला आणि उजवा असे तीन चॅनेल लागतात, आणि संवाद मधल्या चॅनेलमध्ये जातात. साउंड मिक्सवाल्याशी पैसे ठरवतानाच ५.१ चं (पाच चॅनेल आणि एक खर्जाचा) बोलून ठेवा. स्टीरिओचं मिक्स नंतर फोडायला बसलात तर दुप्पट खर्च. मराठी संवादांना इंग्रजी सबटायटल्स हवीतच, आणि ती फिल्म न पाहिलेल्या माणसाकडून वाचून घ्या.

डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात घरी डीसीपी बनते. पण बनवलेली प्रत खऱ्या थिएटरमध्ये एकदा चालवून बघा. जवळच्या मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरला भेटून पहिल्या खेळाआधीची अर्ध्या तासाची वेळ मागा. रंग फिकट, सबटायटल्स कापलेली, मधल्या स्पीकरमध्ये शांतता, हे सगळं तिथे पाच मिनिटांत कळतं.

गाणं आणि परवानगी

चहाच्या टपरीवर मागे रेडिओ वाजत होता, तो सीनमध्ये आला. हे गाणं कुणाचं? आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं चालतो आणि गीतकार-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे ‘जुनं आहे, चालेल’ हा भरवसा खोटा. आरतीचे शब्द जुने असतात, कॅसेट कंपनीचं मुद्रण नसतं. फेस्टिव्हलचा अर्ज भरताना सगळे हक्क आपल्याकडे आहेत असं तुम्ही लिहून देता. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, तिथे वनखात्याची परवानगी लागते, आणि स्टेशनात रेल्वेची.

पैसे किती जातील, आणि फसवणूक कुठे होते

अर्ज मुख्यतः फिल्मफ्रीवे या वेबसाइटवर जातात, क्लेरमाँ-फेराँसारखे काही शॉर्टफिल्मडेपो या वेबसाइटवर घेतात. फी डॉलर किंवा युरोत असते आणि अर्ली, रेग्युलर, लेट अशी चढत जाते. शंभर ठिकाणी पाठवणं हा पैशांचा चुराडा आहे. माझ्या मते यादीतले सहा-सात फेस्टिव्हल्स अर्ली डेडलाइनला, आणि तेही मागच्या दोन वर्षांत त्यांनी दाखवलेल्या फिल्म्स बघून. दहा मिनिटांची विनोदी फिल्म आणि पस्तीस मिनिटांची संथ फिल्म एकाच ठिकाणी शोभत नाहीत. लांब फिल्मला जागा कमी मिळते, कारण तिच्या वेळात तिथे तीन छोट्या बसतात.

दर महिन्याला पुरस्कार वाटणारे, थिएटरात एकही खेळ न करणारे, जिंकल्यावर ट्रॉफीचे वेगळे पैसे मागणारे ‘फेस्टिव्हल’ इंटरनेटवर भरपूर आहेत. लॉरेल त्यांचंही सुंदर दिसतं. मागच्या वर्षीचं वेळापत्रक, थिएटरचं नाव आणि ज्यूरीची नावं सापडली नाहीत तर पैसे घरीच ठेवा.

‘पण भारताची फिल्म तर सरकार निवडतं ना?’

नाही. फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ही चित्रपट उद्योगाची संस्था दरवर्षी एक फिल्म पाठवते, ती आंतरराष्ट्रीय फीचर विभागासाठी, म्हणजे पूर्ण लांबीच्या सिनेमासाठी. शॉर्टफिल्मला देशाचा कोटा नाही, कुणाची शिफारस लागत नाही. पारितोषिक मिळालं की निर्मात्याने स्वतः अकादमीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, पारितोषिकाचा पुरावा आणि फिल्म द्यायची. फेस्टिव्हल तुमच्या वतीने हे करत नाही. पारितोषिकाच्या पत्रावर विभागाचं नाव यादीत लिहिलंय तसंच आहे ना, हे समारंभाच्या दुसऱ्या दिवशीच बघून घ्या. सहा महिन्यांनी दुरुस्ती मागायला गेलात तर तिथला माणूस बदललेला असतो.

आणि आपला राष्ट्रीय पुरस्कार?

तिथे हिशेब पूर्ण वेगळा. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत शॉर्टफिल्म्स नॉन-फीचर विभागात येतात आणि त्यासाठी सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते ज्या वर्षाचे पुरस्कार त्याच वर्षाच्या १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातलं असावं लागतं. फेस्टिव्हलमध्ये दाखवण्यापुरती प्रमाणपत्रातून सूट मिळते, म्हणून अनेक फिल्म्स देशभर फिरून येतात तरी त्यांच्याकडे प्रमाणपत्र नसतं. प्रमाणपत्राचा अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर होतो. डिसेंबरात धावपळ करण्यापेक्षा अंतिम प्रत निघाली की लगेच भरा, कारण परीक्षण समितीने एखादा शब्द काढायला सांगितला तर साउंड मिक्स पुन्हा उघडावं लागतं आणि डीसीपीही नव्याने काढावी लागते.